परदेशी किरायेदार ठेवताना: नागपूरच्या घरमालकानं करायची कामं, क्रमानं

नागपुरात घर किरायानं देताना आपण काय काय विचारतो, ते आपल्याला ठाऊक आहे. नोकरी कुठं, लग्न झालंय का, गाड्या किती, आणि आडून आडून, घरात मटण शिजतं का. परदेशी पासपोर्टवाला दारात आला की मात्र सगळेच प्रश्न सुचेनासे होतात. मग कुणी "झंझट नको रे बाबा" म्हणून त्याला परत पाठवतो, तर कुणी "किराया बरा येतोय ना, मग देऊन टाक" म्हणून चावी हातात ठेवतो. पहिल्याचं चांगला किरायेदार गमावून नुकसान होतं. दुसऱ्याच्या दारी कधीतरी ठाण्यातला हवालदार येऊन उभा राहतो.

आमच्या वरच्या मजल्यावर बरीच वर्षं बाहेरदेशचे विद्यार्थी राहतात. बजाजनगरपासून व्हीएनआयटी जवळ, त्यामुळं चौकशी सतत सुरू असते. आता मिहानमुळं परदेशी इंजिनिअर येऊ लागलेत, वाठोड्याकडं सिम्बायोसिस झालंय, म्हणून मनीषनगर, बेसा, वाठोडा या भागांतले घरमालकही हेच प्रश्न विचारतात. त्यांना दर वेळी जे तोंडी सांगतो, ते इथं नीट क्रमानं लिहून काढलं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. ही तीन वेगळी कामं आहेत आणि त्यांची तीन वेगळी कार्यालयं आहेत. परदेशी माणूस आल्याची खबर परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची. किरायेदार ठेवल्याची खबर पोलीस ठाण्याला द्यायची. आणि करार दुय्यम निबंधकाकडं नोंदवायचा. एकाची पावती दुसऱ्याकडं चालत नाही. "मी ठाण्यात कळवलंय" म्हणून निवांत बसलेले बहुतेक लोक तीनपैकी एकच काम करून बसलेले असतात.

ज्यांची मुलं इंग्लंडात शिकायला आहेत त्यांनी तिथल्या 'राइट टू रेंट'बद्दल ऐकलं असेल. तिथं घर देण्याआधी समोरच्याला देशात राहण्याचा हक्क आहे का, हे घरमालकानं तपासून खातरी करायची असते. आपल्याकडची व्यवस्था थोडी वेगळी आहे. इथं मुख्य भार कळवण्यावर आहे. कागद पाहायचे, जपायचे आणि वेळेत कळवायचं. कोण खरा, कोण खोटा, कोण नागरिक, हे ठरवणं सरकारचं काम. पुढं बऱ्याच ठिकाणी हा फरक कामी येईल.

१. समोरचा माणूस कोणत्या खान्यात बसतो ते आधी बघा

नाव, चेहरा आणि भाषा यांवरून काहीही ठरवू नका. मणिपूर, नागालँड, मिझोरामची मुलं भारतीय आहेत. त्यांच्याकडं पासपोर्ट आणि व्हिसा मागणं हा शुद्ध अपमान आहे. बंगाली बोलणारा कारागीर बंगालचा असू शकतो आणि बहुतेक वेळा असतोच. उलट बाजूनं पाहा: दीक्षाभूमीमुळं अख्ख्या नागपूरला माहीत असलेले भदंत सुरई ससाई जन्मानं जपानी, पण भारतीय नागरिक. म्हणून प्रश्न एकच विचारायचा, "पासपोर्ट कोणत्या देशाचा?" बाकीची विचारपूस इतर किरायेदारांसारखीच.

उत्तराप्रमाणं खाने असे पडतात.

भारतीय पासपोर्ट असलेला, पण दुबई किंवा अमेरिकेत राहणारा: हा अनिवासी भारतीय. परदेशी नव्हे. त्याच्यासाठी फक्त किरायेदार नोंद आणि करार.

ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डवाला: नाव देशपांडे, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध, आजोळ महालात, पण पासपोर्ट परदेशी. ओसीआय कार्ड हा आजन्म व्हिसा आहे, नागरिकत्व नाही. इथंच सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण 'आपलाच माणूस' म्हणून कुणी काही कळवतच नाही. पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड, दोन्हींची प्रत घ्या आणि कळवताना त्याला परदेशीच धरा.

व्हिसावर आलेला: विद्यार्थी, नोकरदार, व्यावसायिक, उपचारांसाठी आलेला, पर्यटक. हा लेख मुख्यतः याच्यासाठी.

नेपाळ आणि भूतानचे नागरिक: यांना व्हिसा लागत नाही. नेपाळशी १९५०चा मैत्री करार आहे. तेव्हा सोसायटीच्या चौकीदाराला खोली देताना "व्हिसा दाखव" म्हणू नका. त्याच्या देशाचं नागरिकता प्रमाणपत्र किंवा पासपोर्ट पाहा, प्रत ठेवा आणि ठाण्याची किरायेदार नोंद मात्र नक्की करा.

तिबेटी: हिवाळ्यात स्वेटर विकायला येणारे आपण लहानपणापासून पाहतोय. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची जुनी वसाहत आहे. त्यांच्याकडं नोंदणी प्रमाणपत्राचं छोटं पुस्तक असतं, ज्याला ते 'आरसी' म्हणतात. त्यावरची मुदत पाहा.

दीर्घ मुदतीच्या व्हिसावरचे पाकिस्तानी नागरिक: जरीपटका, खामला या भागांतल्या घरमालकांना हे नवीन नाही. पाकिस्तानातून आलेली सिंधी हिंदू कुटुंबं नागपुरात मोठ्या संख्येनं आहेत. त्यांच्यातल्या अनेकांकडं 'एलटीव्ही' असतो, म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार केंद्रानं २०१६ मध्ये ज्या १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यांत नागपूर होतं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द झाले, तेव्हाही हिंदूंना आधीच दिलेले एलटीव्ही वैध राहिले. त्या दिवसांत काही घरमालकांनी घाबरून चांगल्या कुटुंबांना घर सोडायला लावलं. गरज नव्हती. एलटीव्हीचं पत्र बघा, त्यावरची मुदत बघा. मुदत सरत आली असेल तर नूतनीकरणाच्या अर्जाची पावती मागा. आणि ज्याला नागरिकत्व मिळालं आहे तो भारतीय आहे, विषय संपला. त्याच्याकडं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र असतं.

आधार कार्डाबद्दल वेगळं सांगायला हवं. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारच्या कायद्यातच लिहिलं आहे. पुरेसे दिवस इथं राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळतं. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र एवढ्यानं कुणी नागरिक ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानंही ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामीन अर्जावर म्हटलं. त्यामुळं "आधार आहे ना, मग झालं" असं करू नका. पण आधारवाल्या प्रत्येकावर संशय घेण्याचंही कारण नाही. तुम्ही कागद घेतले, पाहिले आणि कळवलं, तर तुमचं काम तुम्ही केलं.

२. पासपोर्ट आणि व्हिसा हातात घेऊन वाचा

व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवर सौदा करू नका. माणूस आणि मूळ पासपोर्ट, दोन्ही एकत्र समोर पाहिजेत. मग पुढील गोष्टी पाहा.

फोटो आणि जन्मतारीख. पासपोर्टची मुदत. व्हिसाचा प्रकार. व्हिसाची मुदत. आणि भारतात उतरल्यावर विमानतळावर मारलेला शिक्का. हा शिक्का बहुतेक जण पाहतच नाहीत, आणि नंतर ऑनलाइन अर्जात 'भारतात आल्याची तारीख' विचारली की फोनाफोनी सुरू होते.

ई-व्हिसावाल्याच्या पासपोर्टवर चिकटवलेला मोठा व्हिसा नसतो. त्याच्याकडं मंजुरीचा छापील कागद असतो आणि पासपोर्टवर शिक्का. तेवढंच असतं, त्यात खोट काढू नका.

पर्यटक व्हिसात एक मेख आहे. व्हिसा पाच वर्षांचा असू शकतो, पण एका वेळी किंवा वर्षभरात किती दिवस राहता येईल याची मर्यादा वेगळी असते आणि ती व्हिसावर बारीक अक्षरांत लिहिलेली असते. "पाच वर्षांचा व्हिसा आहे" म्हणून अकरा महिन्यांचा करार मागणारा पर्यटक आला, तर ती ओळ बोट ठेवून वाचा. तसंच विद्यार्थी व्हिसा असेल तर संस्थेचं प्रवेशपत्र मागा, नोकरीचा व्हिसा असेल तर कंपनीचं पत्र. व्हिसा शिकण्याचा आणि माणूस दिवसभर भलतंच काम करतो, हे जुळत नसेल तर घर देण्याआधी विचारा.

प्रत काढताना फोटोचं पान, पत्त्याचं वेगळं पान असेल तर ते, व्हिसाचं पान आणि शिक्क्याचं पान, सगळं घ्या. प्रतींवर किरायेदाराची सही आणि तारीख घ्या. मूळ पासपोर्ट 'डिपॉझिट म्हणून' स्वतःकडं ठेवायचा विचारही करू नका. पासपोर्ट त्या त्या देशाच्या सरकारचा असतो. तो दाबून ठेवला तर उलट तक्रार तुमच्यावर होईल. काही दलाल हा सल्ला अगदी छातीठोकपणे देतात.

३. तो यायच्या आधी घराची नोंदणी करून ठेवा

१ सप्टेंबर २०२५पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला. १९४६चा परदेशी नागरिक कायदा, १९३९चा नोंदणी कायदा वगैरे जुने कायदे त्यात विलीन झाले. परदेशी माणसाला राहायला जागा देणाऱ्यानं त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची, ही जबाबदारी जुन्या कायद्यात होती, नव्यातही आहे. ही माहिती ज्यावर द्यायची तो पूर्वीचा 'सी फॉर्म' आता 'फॉर्म ३' झाला आहे. ठाण्यात, हॉटेलात, कॉलेजात अजून सगळे सी फॉर्मच म्हणतात. तुम्हीही म्हणा, सगळ्यांना कळतं.

हे फक्त हॉटेलवाल्यांसाठी आहे, असा एक जबरदस्त गैरसमज आपल्याकडं आहे. लॉज, धर्मशाळा, पीजी, हॉस्टेल, दवाखाना, आणि तुमच्या-माझ्यासारख्याचं राहतं घरसुद्धा यात येतं. किराया घेत नसलात तरी येतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला थायलंडचे पाहुणे चार दिवस घरी उतरले, तरी.

फॉर्म भरायला आधी पोर्टलवर खातं लागतं. इंडियन एफआरआरओ (एफआरआरओ म्हणजे परदेशी नागरिकांचं प्रादेशिक नोंदणी कार्यालय) या सरकारी संकेतस्थळावर जागा पुरवणाऱ्यांसाठी वेगळा दुवा आहे. तिथं घराचा पत्ता, मालकाचं नाव, फोन, ईमेल, खोल्यांची संख्या असं भरून नोंदणी करायची. शहर नागपूर निवडायचं. मग ती नोंदणी इथल्या नोंदणी अधिकाऱ्याकडं, म्हणजे शहर पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागाकडं मंजुरीला जाते. मंजुरी मिळाली की खातं चालू.

आणि इथंच घड्याळाची अडचण होते. फॉर्म भरायला माणूस आल्यापासून २४ तास असतात, पण खात्याची मंजुरी २४ तासांत मिळेलच असं नाही. मध्ये शनिवार-रविवार आला की संपलंच. म्हणून परदेशी माणसाला घर द्यायचं मनात आलं की लगेच खातं काढून ठेवा. खातं पडून राहिलं तरी काही बिघडत नाही.

जवळ ठेवायचे कागद:

- घराच्या मालकीचा पुरावा: विक्रीपत्र, आखीव पत्रिका किंवा घरटॅक्सची पावती
- महावितरणचं ताजं बिल, शक्यतो मालकाच्याच नावाचं
- तुमचं आधार आणि पॅन
- वडिलांच्या नावावर घर आणि व्यवहार तुम्ही पाहता, असं असेल तर त्यांचं अधिकारपत्र
- फ्लॅट असेल तर सोसायटीचं ना-हरकत पत्र (कायद्यानं अडत नाही, पण नंतरचा वाद टळतो)

वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असलेली घरं नागपुरात ढिगानं आहेत. ते नाव बदलून घ्या. नाहीतर किरायेदाराला राहण्याचा पुरावा म्हणून ते बिल देता, आणि त्यावरचं नाव करारातल्या मालकाशी जुळत नाही, म्हणून त्याचा अर्ज परत येतो.

४. चोवीस तासांत फॉर्म भरा

माणूस बॅगा घेऊन आला की चहा पाजा आणि त्याच बैठकीत फॉर्म भरून टाका. पासपोर्ट समोर, माणूस समोर. दुसऱ्या दिवशी तो कॉलेजला जातो, फोन उचलत नाही आणि तुम्ही अर्ध्यावर अडकता.

भरायची माहिती अशी: नाव, लिंग, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, मूळ देशातला पत्ता, पासपोर्ट क्रमांक, तो कुठं आणि कधी मिळाला, मुदत, व्हिसाचीही तशीच माहिती, भारतात कधी आला, तुमच्याकडं कधी आला, कुठून आला, किती दिवस राहणार, कशासाठी आला, इथला फोन, तिथला फोन. फोटो अपलोड करावा लागतो. मोबाईलवर भिंतीसमोर काढलेला चालतो, फक्त फाइल छोटी करून घ्या.

चुका ठरलेल्या जागीच होतात. आडनाव आणि नाव उलटसुलट पडतं. काही देशांच्या पासपोर्टांत आडनावाचा रकानाच रिकामा असतो, तो रिकामाच ठेवा, बापाचं नाव तिथं घुसडू नका. पासपोर्ट क्रमांकात शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांची गल्लत होते. फोटोच्या पानाच्या तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. क्रमांक तिथून पडताळून घ्या. अमेरिकी माणूस तोंडी तारीख सांगताना महिना आधी सांगतो, दिवस नंतर. म्हणून तारीख त्याला विचारू नका, पासपोर्टवरून उतरवा.

फॉर्म जमा झाला की क्रमांक येतो. छापील प्रत काढा. एक तुमच्या फाइलला, एक किरायेदाराला.

किरायेदाराला ती प्रत का द्यायची? कारण ती त्याला तुमच्यापेक्षा जास्त लागते. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या बहुतेकांना, म्हणजे विद्यार्थी आणि नोकरदारांना, भारतात आल्यापासून १४ दिवसांत स्वतःची नोंदणी करावी लागते. ती ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होते, आणि त्यात राहण्याचा पुरावा म्हणून सी फॉर्म आणि करार मागतात. घरमालकानं फॉर्म भरला नाही तर पोराची नोंदणी लटकते, उशीर त्याच्या माथी लागतो आणि दंड तोच भरतो. त्यामुळं परदेशी विद्यार्थी स्वतःच "सर, सी फॉर्म?" म्हणून मागं लागतात. लागू द्या, त्यात तुमचाही फायदा आहे.

पाकिस्तानी नागरिकांसाठी स्वतःच्या नोंदणीची मुदतही २४ तासच असते, १४ दिवस नाही. तिथं जराही ढिलाई नको.

५. ठाण्याची किरायेदार नोंद

ही भारतीय किरायेदारालाही लागते, परदेशीयालाही. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर भाडेकरू माहितीचा अर्ज आहे. मालकाची आणि किरायेदाराची माहिती, दोघांचे फोटो, ओळखपत्र, किरायेदाराचा कायमचा पत्ता, कामाचं ठिकाण, त्याला ओळखणाऱ्या माणसांची नावं, दलाल असेल तर त्याचं नाव. घरी बसून दहा-पंधरा मिनिटांचं काम. पैसे लागत नाहीत. "ठाण्यात ओळख आहे, करून देतो" म्हणत पाचशे मागणाऱ्याला नमस्कार करा.

पोलीस घटक निवडताना 'नागपूर शहर' की 'नागपूर ग्रामीण' हे नीट पाहा. महापालिकेची हद्द आणि पोलीस आयुक्तालयाची हद्द एक नाही. बेसा-पिपळ्याला नगर पंचायत आहे म्हणून लोक ग्रामीण निवडतात, पण तिथलं बेलतरोडी ठाणं शहर पोलिसांचं आहे. कामठीची ठाणीही शहर आयुक्तालयातच येतात. बुटीबोरी मात्र ग्रामीण.

किरायेदाराची माहिती द्या असा आदेश पोलीस आयुक्त वेळोवेळी काढतात. हा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३खाली निघतो, म्हणजे पूर्वीचं कलम १४४. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३खाली गुन्हा नोंदवता येतो. त्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रक्कम लहान वाटते, पण गुन्हा तो गुन्हाच, आणि फेऱ्या वेगळ्या.

६. करार नोंदवा, नोटरीवर थांबू नका

"अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही." हे वाक्य नागपुरात घराघरांत ऐकू येतं आणि महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: किरायाचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून बोचणारं कलम पुढं आहे: लेखी नोंदणीकृत करार नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल किरायेदार जे म्हणेल ते खरं धरलं जातं, जोवर तुम्ही उलटं सिद्ध करत नाही.

खर्चाचा बाऊ करू नका. मुद्रांक शुल्क एकूण किरायाच्या पाव टक्का. त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज मानून तेही मिळवतात. किराया १२,००० रुपये, अकरा महिने, डिपॉझिट ५०,००० धरा. किराया झाला १,३२,०००, मानीव व्याज सुमारे ४,५८३. बेरजेचा पाव टक्का ३४१ रुपयांच्या आसपास, जो वरच्या शंभरात धरला की ४०० होतो. शहरात नोंदणी फी १००० रुपये. वर एजंटाची मजुरी असेल ती.

परदेशी किरायेदाराची अडचण दुसरीकडं असते. घरबसल्या ऑनलाइन नोंदणीत दोन्ही बाजूंचा आधारवरून अंगठा लागतो आणि नव्यानं आलेल्याकडं आधार नसतं. एजंट अशा वेळी "त्याच्या मित्राच्या नावानं करू" असं सुचवतो. अजिबात करू नका. राहणारा एक आणि करारात दुसरा, हे सगळ्यात वाईट. सरळ दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन पासपोर्टवर करार नोंदवायचा. साक्षीदार सोबत न्या, मूळ पासपोर्ट न्या, आणि सकाळी लवकर जा.

करारात या गोष्टी घाला: संपण्याची तारीख व्हिसाच्या मुदतीपलीकडं जाणार नाही, व्हिसा वाढला की प्रत द्यायची, घरात आणखी कुणी राहायला येणार असेल तर आधी सांगायचं, पोटभाडेकरू नाही. पाकिस्तान, बांगलादेश, चीन, नेपाळ अशा काही देशांच्या नागरिकांना रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा घेता येत नाही, हेही माहीत असू द्या. अकरा महिन्यांच्या कराराला त्याचा त्रास नाही.

किराया बँकेतूनच घ्या. परदेशी माणसाचं इथलं खातं उघडेपर्यंत पहिला महिना रोखीनं घ्यावा लागला तर पावती द्या.

७. मुक्काम सुरू असताना

व्हिसा संपण्याची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये दोन महिने आधीची टाकून ठेवा. त्या दिवशी किरायेदाराला आठवण द्या. मुदतवाढीचा अर्जही ई-एफआरआरओवर असतो, आणि त्यात पुन्हा तुमचेच कागद लागतात. अर्ज केल्याची पावती आणि नंतर मंजुरी, दोन्ही फाइलला लावा. व्हिसा संपल्यावर राहणाऱ्याला नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळं "बघू पुढच्या महिन्यात" हे त्याच्यासाठीही महागाचं आहे.

पाहुण्यांकडं लक्ष ठेवा, पण पाळत नको. मित्र संध्याकाळी जेवायला आला तर तुमचा संबंध नाही. तोच परदेशी मित्र गादी टाकून मुक्काम करू लागला, तर त्याचाही फॉर्म भरायचा, त्याच चोवीस तासांत. दर वर्षी प्रवेशांच्या दिवसांत हे घडतं: एक राहतो म्हणून घेतलेल्या खोलीत दोन महिन्यांनी तिघं निघतात. रागवून उपयोग नाही. पासपोर्ट मागा, फॉर्म भरा, आणि तिघंच राहणार असतील तर करारही तिघांचा करा.

पोलीस पडताळणीला आले तर फाइल उघडून समोर ठेवा. सी फॉर्मची प्रत, ठाण्याच्या नोंदीची पावती, करार, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती, या क्रमानं. आमच्याकडं आलेल्या शिपायानं उभ्या उभ्या फाइल चाळली, दोन पानांचे मोबाईलवर फोटो काढले आणि शेजारच्या घराची बेल वाजवली. तिथं मात्र तो बराच वेळ थांबला.

८. कागदात खोट दिसली, तर

फोटो आणि चेहरा जुळत नाही, व्हिसाच्या पानावर खाडाखोड आहे, माणूस मूळ पासपोर्ट दाखवायलाच तयार नाही: घर देऊ नका आणि ठाण्याला सांगा. चावी आधीच दिली असेल तर स्वतः चौकशी अधिकारी होऊ नका. लेखी अर्ज ठाण्यात द्या, त्याची पोच घ्या. तातडीचं असेल तर ११२.

त्याला बाहेर काढण्यासाठी नळ बंद करणं, मीटरचा फ्यूज काढणं असले उद्योग करू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९नुसार पाणी-वीज तोडता येत नाही, किरायेदार कुणीही असो. मोहल्ल्यातल्या चार जणांना जमवून "हे बाहेरचे आहेत" असा गाजावाजा करणं तर त्याहून वाईट. कागद शेवटी खरे निघाले तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

९. घर सोडताना

किरायेदार गेला की पोर्टलवर त्याचं जाणंही नोंदवा. लोक हे हमखास विसरतात. मग सरकारी नोंदीत तो तुमच्याच वरच्या मजल्यावर राहत असतो, आणि दुसऱ्या शहरात त्याचा व्हिसा संपला की चौकशी तुमच्या दारात येते. तो कुठं चालला, नवा पत्ता काय, हे लिहून घ्या. पत्ता बदलल्याचं त्यालाही कळवावं लागेल, हे त्याला सांगा. डिपॉझिट बँकेतून परत करा, चावी मिळाल्याचा कागद दोघांच्या सहीनं करा.

फाइल मात्र लगेच रद्दीत टाकू नका. निदान वर्षभर तरी सांभाळा, आणि त्यातली महावितरणच्या बिलाची प्रत काढून पुढच्या किरायेदारासाठी ताजी लावून ठेवा.